प्रोसेसरसाठी एअर कूलर: निवडायचा कसा आणि बसवायचा कसा

कूलर घ्यायचा ठरला की बहुतेक जण आधी कूलरचे फोटो आणि रिव्ह्यू पाहत बसतात. माझं सांगणं असं, की आधी आपल्या कॉम्प्युटरकडे पाहा. मदरबोर्डचं सॉकेट (प्रोसेसर बसतो ती जागा) कोणतं, कॅबिनेटमध्ये कूलरसाठी उंची किती मिळते आणि प्रोसेसर जास्तीत जास्त किती वॅट ओढतो, या तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या. तेवढ्याने बरेचसे कूलर आपोआप बाद होतात आणि उरलेल्यांतून निवड करणं सोपं जातं.

दुसरी गोष्टही सुरुवातीलाच सांगतो. तापमान फार वाढतंय म्हणून लोक आणखी मोठा कूलर शोधायला लागतात, पण कित्येकदा आहे तोच कूलर नीट बसलेला नसतो. चांगला बसवलेला मध्यम कूलर हा वाईट बसवलेल्या महागड्या कूलरपेक्षा केव्हाही बरा. म्हणून बसवण्याच्या कामाला इथे जास्त जागा दिली आहे.

वेगळा कूलर लागणार आहे का?

काही प्रोसेसरच्या खोक्यातच कूलर येतो. इंटेलच्या नावात ‘के’ नसलेल्या बऱ्याच प्रोसेसरसोबत तो असतो, ‘के’ असलेल्यांसोबत नसतो. एएमडीच्या रायझन ५ ७६०० सोबत रेथ स्टेल्थ आणि रायझन ७ ७७०० सोबत रेथ प्रिझम मिळतो, तर त्याच मालिकेतल्या ‘एक्स’वाल्यांसाठी कूलर वेगळा घ्यावा लागतो. ऑफिसचं काम, अभ्यास, व्हिडिओ पाहणं एवढंच असेल तर खोक्यातला कूलर पुरतो. फॅनचा आवाज त्रास द्यायला लागला किंवा तासन् तास रेंडरिंग, कंपायलिंगसारखी कामं असली, तर मात्र वेगळ्या कूलरचा विचार करा.

वॅटचा आकडा नीट वाचा

इथे नवख्या माणसाची सर्वांत जास्त फसगत होते. प्रोसेसरवर ‘६५ वॅट’ लिहिलेलं असतं आणि आपण समजतो की तो ६५ वॅटच ओढणार. इंटेल दोन आकडे देते, बेस पॉवर आणि मॅक्सिमम टर्बो पॉवर. कोअर आय५-१२४०० ची बेस पॉवर ६५ वॅट आहे, पण टर्बोमध्ये, म्हणजे पूर्ण जोरात चालताना, तो ११७ वॅटपर्यंत जाऊ शकतो. कोअर आय९-१३९००के चे आकडे १२५ आणि २५३ आहेत. एएमडीच्या एएम५ प्रोसेसरमध्ये टीडीपीच्या, म्हणजे प्रोसेसरवर लिहिलेल्या वॅटच्या, सुमारे १.३५ पट वीज सॉकेटमधून जाऊ शकते. म्हणजे ६५ चे ८८, १०५ चे १४२ आणि १७० चे २३० वॅट. कूलर निवडताना नेहमी हा वरचा आकडा धरा.

कूलरच्या खोक्यावरही ‘२२० वॅट’, ‘२५० वॅट’ असं छापलेलं असतं. त्यावर फार विसंबू नका. हे मोजण्याची सगळ्या कंपन्यांना लागू असलेली एकच पद्धत नाही, त्यामुळे एका कंपनीचे २२० आणि दुसरीचे २२० सारखे नसतात. तुलना करायची तर एकाच प्रोसेसरवर, एकाच खोलीत अनेक कूलर लावून घेतलेली चाचणी शोधा.

माझा अंदाज साधारण असा. ९० वॅटपर्यंत छोटा सिंगल टॉवर (पात्यांचा एकच उभा गठ्ठा असलेला कूलर) किंवा बऱ्यापैकी बसका कूलर चालतो. १५० वॅटपर्यंत १२० मिलिमीटरचा फॅन आणि चार-पाच हीटपाइप (उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्या) असलेला सिंगल टॉवर पुरेसा आहे आणि घरगुती कॉम्प्युटरपैकी बहुतेक याच गटात मोडतात. त्यापुढे दोन टॉवर, दोन फॅनचा मोठा कूलर घ्या. सतत २५० वॅट ओढणाऱ्या प्रोसेसरला मोठ्यातला मोठा एअर कूलरही कमी पडू शकतो. तिथे बायॉसमधून (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमधून) विजेची मर्यादा थोडी खाली आणणं हाच शहाणा मार्ग, कारण शेवटच्या ५०-६० वॅटमधून कामाचा वेग फारसा वाढत नाही, उष्णता मात्र भरपूर वाढते.

गेम खेळताना प्रोसेसर सहसा पूर्ण वॅट ओढत नाही, त्यामुळे फक्त गेमिंगसाठी फार मोठा कूलर घेण्याची गरज नसते. एक अपवाद लक्षात ठेवा: रायझन ७ ७८००एक्स३डी वीज कमी खातो, तरी गरम दिसतो. त्यात जादा कॅशेचा (प्रोसेसरमधल्या वेगवान मेमरीचा) थर चिपच्या वर असल्याने उष्णता बाहेर पडायला अडथळा होतो. त्याची कमाल मर्यादाही ८९ अंश, म्हणजे भावंडांच्या ९५ पेक्षा कमी ठेवलेली आहे.

सॉकेट

इंटेलचं एलजीए १७०० सॉकेट २०२१ मध्ये आलं आणि २०२४ मध्ये एलजीए १८५१. या दोन्हींना कूलर बसवायची भोकं सारखीच आहेत, ७८ मिलिमीटर अंतरावर. त्याआधीच्या एलजीए १२०० आणि ११५x सॉकेटमध्ये हे अंतर ७५ मिलिमीटर होतं. फरक फक्त तीन मिलिमीटरचा, पण जुना कूलर नव्या बोर्डावर बसत नाही, त्यासाठी नवं माउंटिंग किट लागतं. बऱ्याच कंपन्या ते वेगळं देतात.

एएमडीचं एएम४ आणि २०२२ मध्ये आलेलं एएम५ यांची भोकं एकाच जागी आहेत. तरी एक मेख आहे. एएम५ ची मागची प्लेट (बॅकप्लेट) सॉकेटलाच जखडलेली असते, ती काढता येत नाही. जो कूलर स्वतःची बॅकप्लेट घेऊन येतो आणि एएम४ वर ती बदलून बसतो, तो एएम५ वर बसणार नाही. जो मदरबोर्डचीच बॅकप्लेट वापरतो, तो दोन्हींवर बसतो. घेताना कंपनीच्या यादीत आपलं सॉकेट नाव घेऊन लिहिलेलं आहे ना, ते पाहाच.

उंची आणि रॅम

कॅबिनेटच्या माहितीपत्रकात सीपीयू कूलरची कमाल उंची दिलेली असते. ती मिळाली नाही, तर प्रोसेसरच्या धातूच्या झाकणापासून बाजूच्या पॅनलच्या आतल्या कडेपर्यंत फूटपट्टीने मोजा. काही उदाहरणं देतो म्हणजे अंदाज येईल. नॉक्टुआ एनएच-डी१५ ची उंची १६५ मिलिमीटर, एनएच-यू१२एस ची १५८, थर्मलराइट पीअरलेस असॅसिन १२० एसई ची १५५ आणि छोट्या कॅबिनेटसाठीच्या एनएच-एल९आय ची अवघी ३७. मोजलेल्या उंचीत दोन-तीन मिलिमीटर तरी मोकळे राहतील असं बघा, विशेषतः बाजूला काच असेल तर.

रॅमकडे लोकांचं हमखास दुर्लक्ष होतं. साधी, हीटसिंक नसलेली रॅम ३१-३२ मिलिमीटर उंच असते. दिव्यांची, मोठ्या कवचाची रॅम ४०-४५ च्या पुढे जाते. मोठ्या कूलरचा पुढचा फॅन नेमका रॅमच्या डोक्यावर येतो. फॅन वर सरकवून जागा करता येते, पण मग कूलरची एकूण उंची तेवढीच वाढते आणि कॅबिनेटचं झाकण लागत नाही. म्हणून हे दोन आकडे एकत्र तपासायचे.

बोर्ड अगदी छोटा असेल, तर मोठा कूलर ग्राफिक्स कार्डच्या स्लॉटवरही येऊ शकतो. तेवढं चित्रात पाहून घ्या.

आत काय चालतं

कूलरच्या तळाशी तांब्याचा तुकडा, त्यातून निघालेल्या हीटपाइप आणि त्यांवर ओवलेल्या ॲल्युमिनियमच्या पातळ पात्या, एवढाच हा कारभार. हीटपाइप भरीव नसते. आतली हवा काढून त्यात थोडासा द्रव भरलेला असतो. खाली गरम झालेला द्रव वाफ होऊन वर जातो, पात्यांजवळ उष्णता टाकून पुन्हा द्रव होतो आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून खाली शोषला जातो. फॅनचं काम पात्यांमधली गरम हवा ढकलून देण्याचं. त्यामुळे कुठलाही एअर कूलर प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. खोली १० अंशांनी गरम असेल, तर प्रोसेसरचा आकडाही साधारण तेवढाच वर दिसणार. दुसऱ्याच्या आकड्याशी तुलना करताना हे विसरू नका.

कामाला सुरुवात

लांब दांड्याचा दोन नंबरचा फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर हवाच, कारण अनेक टॉवर कूलरचे स्क्रू पात्यांच्या मधल्या भोकातून खोलवर आवळावे लागतात. सोबत थर्मल पेस्ट, ९० टक्क्यांच्या वरचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड ठेवा. कॉम्प्युटरची वायर भिंतीतून काढा, पॉवरचं बटण एकदा दाबून उरलेली वीज जाऊ द्या आणि कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगावरची स्थिर वीज घालवा. कूलरच्या खोक्यात चार-पाच सॉकेटचे भाग एकत्र येतात, त्यातले आपल्या सॉकेटचे तेवढेच बाहेर काढा. बाकीच्या पिशव्या बंदच राहू द्या.

जुना कूलर काढायचा असेल, तर आधी कॉम्प्युटर पाच-दहा मिनिटं चालवून गरम करा, म्हणजे पेस्ट मऊ होते. मग बंद करून, वायर काढून, फॅनचं कनेक्टर सोडवून स्क्रू आलटून पालटून सैल करा. कूलर सरळ वर ओढू नका. डावीकडे-उजवीकडे हलका पीळ देत चिकटलेली पेस्ट सुटू द्या. एएम४ वर हे फार महत्त्वाचं आहे. तिथे पिना प्रोसेसरला असतात आणि घाईने ओढलं तर बंद सॉकेटमधून प्रोसेसरच कूलरला चिकटून बाहेर येतो, पिना वाकतात. इंटेलमध्ये आणि एएम५ मध्ये प्रोसेसरवर धातूची चौकट असल्याने तो धोका नाही.

जुनी पेस्ट अल्कोहोलने पुसून प्रोसेसरचं झाकण स्वच्छ करा. कापड ओलं हवं, थेंब गळणारं नको.

बॅकप्लेट आणि स्टँडऑफ

शक्य असेल तर मदरबोर्ड बाहेर काढून टेबलावर काम करा. नाहीतर कॅबिनेटच्या मागच्या पत्र्याला असलेल्या खिडकीतून बॅकप्लेटपर्यंत हात पोचतो. एएम४ वर पुढचे प्लॅस्टिकचे ब्रॅकेट उघडले, की मागची प्लेट निसटून पडते, तेव्हा एक हात मागे ठेवा. इंटेलसाठी कूलरची स्वतःची बॅकप्लेट येते. तिच्या कोपऱ्यांतले स्क्रू आपल्या सॉकेटच्या खाचेत सरकवून बसवायचे असतात. पुढून स्टँडऑफ (कूलरला आधार देणारे आटेदार छोटे खांब) लावताना तेही आपल्याच सॉकेटचे आहेत ना, ते मॅन्युअलमधल्या चित्राशी ताडून बघा. चुकीच्या उंचीचे लागले, तर कूलर प्रोसेसरवर पुरेसा दाबच देत नाही. स्टँडऑफ लावल्यावरही बॅकप्लेट थोडी डुगडुगते. बऱ्याच कूलरमध्ये ते तसंच असतं, कूलर आवळला की ती घट्ट होते.

स्टँडऑफवर येणाऱ्या दोन पट्ट्या कोणत्या बाजूंना लावायच्या, यावर हवेची दिशा ठरते. साध्या टॉवर कॅबिनेटमध्ये हवा पुढून आत येते आणि मागून बाहेर जाते, तर कूलरनेही हवा त्याच दिशेला ढकलावी. पट्ट्या त्या हिशेबाने लावा.

आता पेस्ट न लावता कूलर एकदा नुसता ठेवून बघा. रॅमला लागतोय का, स्क्रू भोकाशी जुळताहेत का, हे कळतं. मदरबोर्डच्या वरच्या कोपऱ्यातली प्रोसेसरची आठ पिनांची पॉवर केबलही आत्ताच जोडून टाका. मोठा कूलर बसल्यावर तिथे बोटं पोचत नाहीत.

पेस्ट

कूलरच्या तळावरचं पारदर्शक प्लॅस्टिक सोलून काढा. ते नजरेला पटकन दिसत नाही, म्हणून नखाने कोपरा खरवडून खात्री करा. तळावर आधीच करड्या रंगाची पेस्ट लावलेली असेल, तर वरून आणखी लावू नका.

पेस्टचं काम दोन धातूंमधल्या बारीक खळग्यांतली हवा हटवून ती जागा भरण्याचं आहे. जाड थर दिला तर तोच अडथळा होतो. चौकोनी झाकणाच्या प्रोसेसरवर मधोमध वाटाण्याएवढा थेंब पुरे. एलजीए १७०० आणि १८५१ चे प्रोसेसर लांबट असतात, तिथे एक बारीक फुली किंवा मध्ये एक मोठा आणि कोपऱ्यांकडे चार छोटे ठिपके द्या. बोटाने पसरवू नका, कूलरच्या दाबाने ती आपसूक पसरते. थोडी जास्त झाली आणि कडेने किंचित बाहेर आली, तर साध्या पेस्टने नुकसान होत नाही. कमी पडण्यापेक्षा तेवढं जास्त परवडलं. लिक्विड मेटलच्या वाटेला मात्र नवख्यांनी जाऊ नये. त्यातून वीज वाहते आणि ॲल्युमिनियमला ते खाऊन टाकतं.

कूलर आवळणं

कूलर सरळ खाली टेकवा आणि जागेवर धरून ठेवा. स्प्रिंग असलेले स्क्रू आधी दोन्ही बाजूंनी फक्त आटे पकडतील एवढेच फिरवा. मग एका बाजूला दोन-तीन वेढे, दुसऱ्या बाजूला दोन-तीन वेढे असं करत जा. चार स्क्रू असतील, तर समोरासमोरच्या कोपऱ्यांचा क्रम धरा. एक बाजू आधीच पूर्ण आवळली, तर तळ तिरका दाबला जातो आणि पेस्ट एका कडेला सरकते. स्क्रू फिरायचे थांबले की आपणही थांबायचं. दाब किती द्यायचा, ते स्प्रिंगने ठरवलेलं आहे. जोर लावला तर फक्त आटे जातील.

मध्येच कूलर उचलावा लागला, तर तसाच परत ठेवू नका. थरात हवेचे फुगे अडकतात. दोन्ही पृष्ठभाग पुसून पेस्ट नव्याने लावा. उचललेल्या कूलरचा तळ मात्र नीट पाहा. पेस्टचा पातळ, एकसारखा ठसा मध्यापासून कडेपर्यंत दिसला तर दाब बरोबर होता. एका बाजूला जाड ओघळ आणि दुसरीकडे कोरा धातू दिसला, तर कूलर तिरका बसला होता.

इंटेलच्या खोक्यातल्या कूलरला स्क्रू नसतात, दाबून बसणाऱ्या चार प्लॅस्टिक पिना असतात. त्याही समोरासमोरच्या जोडीने दाबायच्या. प्रत्येक पिनेचा ‘टक्’ आवाज येतो, पण आवाजावर भरवसा ठेवू नका, बोर्डाची मागची बाजू बघा. चारही भोकांतून पांढरे पाय पूर्ण बाहेर आलेले आणि प्रत्येकाच्या मधोमध काळी पिन घुसलेली दिसली पाहिजे. एक जरी पाय अर्धवट असेल, तर तो कोपरा उचललेला राहतो आणि तापमान भडकतं.

फॅनच्या ज्या बाजूला मोटर धरणारे आडवे दांडे असतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. ती बाजू पात्यांकडे असली, की फॅन हवा आत ढकलतोय. तारेच्या क्लिपा लावताना पात्यांच्या कडांनी बोटं कापू शकतात, सावकाश करा. कनेक्टर मदरबोर्डवर ‘सीपीयू फॅन’ असं लिहिलेल्या चार पिनांवरच लावा. ते रिकामं राहिलं, तर अनेक बोर्ड चालू होताना फॅन नसल्याची सूचना देऊन थांबतात. दोन फॅन असतील, तर सोबत आलेली वाय केबल वापरा.

पहिल्यांदा चालू करताना

कॅबिनेटचं झाकण न लावताच चालू करा. फॅन फिरतोय ना, वायर फॅनच्या पात्यांत अडकत नाही ना, ते पाहा. बायॉसमध्ये जाऊन तापमान बघा. तिथे प्रोसेसर पूर्ण विश्रांती घेत नाही, म्हणून ४०-५० अंश दिसले तर घाबरायचं कारण नाही. मग विंडोजमध्ये तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो उघडून प्रोसेसरवर पूर्ण ताण देणारं सिनेबेंच १० मिनिटं चालवा. लिनक्सवर टर्मिनलमधला सेन्सर्स कमांड आहेच.

आकड्यापेक्षा तो कसा चढतो हे जास्त बोलकं असतं. ६५ वॅटचा प्रोसेसर दोन-तीन सेकंदांत ९० च्या वर उडी मारत असेल, तर उष्णता कूलरपर्यंत पोचतच नाही: प्लॅस्टिक राहिलं असेल, पेस्ट कमी असेल किंवा दाब नसेल. तापमान मिनिटागणिक हळूहळू चढत राहिलं, तर कूलर ठीक आहे, कॅबिनेटमध्ये गरम हवा साचतेय. बाजूचं झाकण लावून आणि काढून तीच चाचणी करा. झाकण काढल्यावर पाच-सात अंश उतरले, तर कॅबिनेटचे फॅन वाढवा, कूलर बदलू नका. जास्त वॅटचे प्रोसेसर मात्र लगेचच ९० च्या घरात जातात. रायझन ७००० मालिकेतले मोठे प्रोसेसर ९५ अंशांपर्यंत जाऊनच काम करण्यासाठी बनवलेले आहेत. इंटेलच्या १२ ते १४ व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरची मर्यादा १०० अंश आहे. मर्यादा आली की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, जळत नाही.

शेवटी फॅनचा वेग बायॉसमध्ये लावून घ्या. मी ६० अंशांपर्यंत तो संथ ठेवतो आणि त्यापुढे चढवतो. क्षणभराच्या चढउताराने फॅन घरघरू नये, म्हणून वेग बदलण्याआधी काही सेकंद थांबण्याची सोय बऱ्याच बोर्डांत असते, तीही चालू करा.

नंतरची काळजी

पात्यांत धूळ साचली की तापमान चढतं. ब्लोअरने साफ करताना फॅन बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो वाऱ्याने बेफाम फिरतो आणि त्याचं बेअरिंग खराब होऊ शकतं. पेस्ट दरवर्षी बदलायची गरज नाही. तीच खोली, तेच काम असूनही तापमान आधीपेक्षा स्पष्ट वाढलेलं दिसलं आणि धूळ काढूनही उतरलं नाही, तरच बदला. मोठे कूलर एक किलोच्या पुढे जातात, तेव्हा कॉम्प्युटर लांब न्यायचा असला तर कॅबिनेट आडवं, मदरबोर्ड खाली येईल असं ठेवून न्या, किंवा कूलर काढूनच न्या. आणि उरलेले स्टँडऑफ, मदरबोर्डचे मूळ ब्रॅकेट, त्यांचे स्क्रू एका पिशवीत नाव घालून ठेवा. बोर्ड बदलला किंवा विकायचा झाला की ते लागतातच.